थकीत कर्जे ओसरली. पण कर्ज देण्याचे कसब परत आले का?

ताळेबंद

भारतातील वाणिज्य बँकांच्या थकीत कर्जांचे एकूण कर्जांशी असलेले प्रमाण मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांच्या वर गेले होते आणि केवळ सरकारी बँका पाहिल्या तर ते साडेचौदा टक्क्यांच्या आसपास होते. मार्च २०२५ मध्ये सर्व वाणिज्य बँकांसाठी हेच प्रमाण २.३ टक्के नोंदले गेले. सात वर्षांत एवढी उतरण झाल्यावर बँकिंग क्षेत्राने कात टाकली असे मथळे छापून आले तर त्यात नवल नाही. नफा चांगला आहे, भांडवल नियमाने ठरवलेल्या किमान पातळीहून बरेच वर आहे, आणि उरलेल्या थकीत कर्जांच्या तीन चतुर्थांशाहून अधिक रकमेची तरतूद, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम, आधीच केलेली आहे. हे सगळे खरे आहे आणि ते खोटे ठरवण्यासाठी हा धागा काढलेला नाही. माझी शंका वेगळी आहे. ती मांडण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वीजप्रकल्प, महामार्ग, पोलादाचे कारखाने यांना लागणारे पंधरा-वीस वर्षांचे कर्ज आपल्याकडे पूर्वी विकास वित्तसंस्था देत असत. आयएफसीआय १९४८ ची, आयसीआयसीआय १९५५ ची, आयडीबीआय १९६४ ची. सरकारच्या पाठबळामुळे त्यांना दीर्घ मुदतीचा स्वस्त पैसा मिळत असे. नव्वदच्या दशकातील सुधारणांनंतर हा झरा आटला. २००२ मध्ये आयसीआयसीआय आपल्याच बँकेत विलीन झाली आणि २००४ मध्ये आयडीबीआयने बँकेचे रूप घेतले. प्रकल्पांची मागणी मात्र थांबली नव्हती, उलट २००३ ते २००८ या काळात ती अफाट वाढली. ते काम वाणिज्य बँकांच्या गळ्यात पडले, आणि त्यांच्या हातात पैसा होता तो प्रामुख्याने एक ते तीन वर्षांच्या ठेवींचा. ज्याने महिनाभराचा किराणा भरायला उसने आणलेल्या पैशांतून घराचा पाया खणायला घ्यावा, त्याच्यासारखी ही स्थिती होती.

मुदतीची ही विसंगती एक वेळ सांभाळता आली असती. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की, बांधकामाधीन प्रकल्पाची जोखीम तोलण्याचे जे कसब विकास वित्तसंस्थांमधील अभियंते आणि विश्लेषक यांच्याकडे दशकानुदशके साठले होते, ते बँकांकडे नव्हते आणि ते नसल्याची जाणीवही फारशी नव्हती. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले, २०१४ च्या सप्टेंबरात २१४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले, आणि भूसंपादन व पर्यावरण मंजुऱ्या यांत प्रकल्प वर्षानुवर्षे अडकले. हे सारे बँकांच्या हातातले नव्हते, हे मान्य. पण यांपैकी एखादी गोष्ट घडलीच तर कर्जाचे काय होईल, हा प्रश्न मंजुरीच्या टिपणात किती वेळा विचारला गेला होता?

पुढचा इतिहास परिचित आहे. पुनर्रचनेच्या, म्हणजे फेडीची मुदत आणि अटी सैल करण्याच्या, सवलतीमुळे दडलेली कर्जे एप्रिल २०१५ पासून दडवता येईनाशी झाली, कारण नव्याने पुनर्रचना केलेल्या खात्याला चांगल्या खात्याचा दर्जा देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने काढून घेतली. त्याच वर्षी रघुराम राजन गव्हर्नर असताना मालमत्ता गुणवत्ता तपासणी झाली आणि तपासनिसांनी अनेक मोठी खाती थकीत ठरवायला लावली. २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटी रुपयांच्या भांडवलाची योजना जाहीर झाली.

आता माझी शंका. २०१३ च्या सुमारास बँकांच्या बिगरअन्न कर्जांत, म्हणजे सरकारी धान्यखरेदीची कर्जे वगळून उरलेल्या कर्जांत, उद्योगांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास होता. २०२४ पर्यंत तो पाव हिश्शाच्याही खाली आला. वैयक्तिक कर्जांचा वाटा, म्हणजे घर, वाहन, सोने, क्रेडिट कार्ड आणि विनातारण कर्जे मिळून, या काळात जवळपास एक तृतीयांशापर्यंत चढला. म्हणजे बँकांनी प्रकल्पाची जोखीम तोलायला शिकून आजार बरा केला, की ज्या व्यवहारात आजार जडला तो व्यवहारच सोडून दिला? पाण्यात बुडता बुडता वाचलेला माणूस पुन्हा नदीकडे फिरकला नाही, तर त्याला पोहता येऊ लागले असे म्हणता येणार नाही. जाणकारांनी मत द्यावे.

वजाबाकी

ताळेबंद, तुमची शंका रास्त आहे, पण तुम्ही सुरुवातीचा आकडा फारच सहज मान्य केला आहे असे मला वाटते. थकीत कर्जांचे प्रमाण हा अपूर्णांक आहे आणि अपूर्णांक लहान करण्यासाठी वसुली हा एकच मार्ग नसतो. कल्पना करा की, एका बँकेची एकूण कर्जे १,००० कोटींची आहेत आणि त्यांपैकी ११० कोटी थकीत आहेत, म्हणजे प्रमाण ११ टक्के. या बँकेने ६० कोटींची थकीत कर्जे निर्लेखित केली, म्हणजे ताळेबंदातून काढून टाकली, आणि पुढच्या काही वर्षांत ६०० कोटींची नवी कर्जे दिली. आता थकीत रक्कम ५० कोटी आणि एकूण कर्जे १,५४० कोटी. प्रमाण सव्वातीन टक्क्यांवर आले. या सगळ्यात बुडालेल्या कर्जांतील एक रुपयाही परत आलेला नाही, आणि नवी कर्जे चांगली की वाईट हे कळायला अजून अवधी आहे.

हे केवळ उदाहरण असले तरी प्रत्यक्षही त्याहून फार निराळे नाही. २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे साडेचौदा लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, आणि त्याच काळात निर्लेखित खात्यांतून झालेली वसुली दोन लाख कोटींच्या आसपास होती, असे सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. मधली तफावत बँकांच्या नफ्यातून आणि भांडवलातून गेली. सरकारी बँकांच्या बाबतीत ते भांडवल, २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सुमारे तीन लाख कोटी, सरकारने, बहुतांशी रोखे काढून, घातले आणि त्याचा भार शेवटी तुमच्या-आमच्या करांवरच आहे. त्यामुळे आजार बरा झाला की अवयव कापून टाकला, हा प्रश्न तुमच्या प्रश्नाच्याही आधी येतो.

जुना कारकून

मी एका सरकारी बँकेच्या कर्ज विभागात बत्तीस वर्षे काढली आणि निवृत्त झालो, त्यामुळे दोन्ही मुद्द्यांवर थोडे सविस्तर लिहितो.

वजाबाकी, आपले गणित बरोबर आहे, पण निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे. ज्या खात्यासाठी शंभर टक्के तरतूद आधीच झाली आहे ते खाते ताळेबंदातून काढून टाकण्याची ती लेखांकनाची पद्धत आहे. कर्जदाराची जबाबदारी, तारणावरील हक्क, न्यायालयातील दावा यांतले काहीही त्यामुळे संपत नाही. तोटा निर्लेखनाच्या दिवशी होत नसून तरतूद करताना आधीच झालेला असतो. तेव्हा आजाराची परीक्षा करायची तर निर्लेखनाकडे न पाहता, चांगल्या कर्जांपैकी दर वर्षी नव्याने किती कर्जे थकीत होतात याकडे पाहावे. आमच्या भाषेत याला स्लिपेज म्हणतात. ते प्रमाणही या वर्षांत ठळकपणे उतरले आहे. निर्लेखनाने जुनी घाण ताळेबंदाबाहेर गेली हे खरे, पण नवी घाणही पूर्वीच्या मानाने कमी साचते आहे.

आता ताळेबंद यांच्या प्रश्नाकडे वळतो. समूहकर्जात, म्हणजे दहा-पंधरा बँका मिळून एका प्रकल्पाला कर्ज देतात तेव्हा, अग्रणी बँकेचा मूल्यमापन अहवाल इतर बँकांकडे येत असे. आमचा हिस्सा लहान असायचा. नियमाप्रमाणे आम्ही स्वतंत्र मूल्यमापन करायला हवे होते, आणि कागदोपत्री ते होतही असे; वस्तुस्थिती अशी की, अग्रणी बँकेच्या अहवालातील परिच्छेद आमच्या नमुन्यात बसवून, दोन-तीन तक्ते पुन्हा मांडून प्रस्ताव मुख्य कार्यालयात जात असे. मीही असे प्रस्ताव तयार केले आहेत. त्या वेळी हे गैर वाटले नाही, कारण एवढ्या मोठ्या बँकेने पाहिले आहे तर आपण काय नवे पाहणार, अशी प्रत्येकाची समजूत होती. पुढे कळले की, अग्रणी बँकेतही बरेचसे काम प्रवर्तकाने नेमलेल्या सल्लागाराच्या अहवालावर चालले होते.

आणि २०१५ नंतर काय झाले? तपास यंत्रणांची भीती बसली. दहा वर्षांपूर्वीच्या मंजुरीसाठी निवृत्त अधिकाऱ्यांना चौकशीला बोलावले जाऊ लागल्यावर, व्यवसायातील चुकीचा अंदाज आणि भ्रष्टाचार यांत फरक केला जाईल याची कोणालाच खात्री उरली नाही. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७ अ घालून, कर्तव्याचा भाग म्हणून घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीसाठी पूर्वपरवानगीची अट आणली गेली, पण तोवर सवय लागून गेली होती. गृहकर्जाच्या फाईलवर सही करताना हात थरथरत नाही. घर समोर दिसते, पगारपत्रक हातात असते, आणि पन्नास लाखांचे एक खाते बुडाले तरी कोणी दिल्लीहून येत नाही. अधिकारी माणूसच असतो; जिथे बक्षीस नाही आणि शिक्षा मात्र आहे तिथे तो पाऊल मागे घेणारच. त्यामुळे ताळेबंद, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, नदी सोडली हे खरे आहे, पण ती शहाणपणाने कमी आणि भयाने जास्त सोडली.

कृष्णाकाठ

वरची चर्चा वाचताना एक शब्द सारखा डोक्यात येत होता. आमच्याकडे शेतकरी मार्चअखेरीला कुठून तरी हातउसने पैसे आणून सोसायटीचे पीककर्ज भरतो आणि एप्रिलात तेच कर्ज पुन्हा उचलून हातउसने फेडतो. याला नवंजुनं करणे म्हणतात. खाते कागदावर नियमित राहते, शेतकऱ्याच्या हाती नवा पैसा काहीच येत नाही, आणि पीक बुडाले आहे ही गोष्ट कोणत्याही वहीत उमटत नाही. २०१५ च्या आधी मोठ्या उद्योगांच्या कर्जांची जी पुनर्रचना चालली होती ती याच जातीची होती, फक्त तिला समिती, करारनामा आणि इंग्रजी संक्षेप लाभले होते. शेतकऱ्याला निदान उसनवारीसाठी गावभर हिंडावे तरी लागते.

सहकारी बँकांचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो, कारण थकीत कर्जांच्या टक्केवारीवर विसंबण्यातला धोका तिथे सर्वांत उघडा पडला. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने मार्च २०१९ अखेर आपली थकीत कर्जे पावणेचार टक्के असल्याचे दाखवले होते. सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा उघड झाले की, बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट खाती उभी केली होती. ठेवीदारांना सुरुवातीला एक हजार रुपयेच काढण्याची परवानगी होती. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना टक्केवारीचे कौतुक सांगू नये.

त्यानंतर बदल झाले हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईत न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि त्या वेळी प्रश्न कर्जांचा नसून तिजोरीतून गायब झालेल्या रोख रकमेचाच होता. पुढे ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे एका दाराला कुलूप लावले की चोर दुसरे दार शोधतो. इथे तर मुळात चोर घरातलाच होता.

उत्तररात्र

ताळेबंद यांच्या युक्तिवादात मला एक उडी दिसते. बँकांच्या कर्जांतील उद्योगांचा वाटा घटला म्हणजे बँकांनी कर्ज द्यायचे टाळले, असा निष्कर्ष लगेच निघत नाही. त्याच काळात मोठ्या कंपन्यांनी स्वतःची कर्जे फेडली, नफ्यातून भांडवल उभारले, आणि ज्यांची पत उत्तम आहे त्या कंपन्या थेट रोखे बाजारात गेल्या, कारण तिथे व्याज कमी पडते. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ज्याला जुळ्या ताळेबंदांचा प्रश्न म्हटले होते, त्यात एक बाजू बँकांची होती तशी दुसरी कर्जबाजारी कंपन्यांची होती. दुसऱ्या बाजूने कर्ज मागितलेच नाही तर पहिली बाजू ते देणार कोणाला? तेव्हा मागणी किती घटली आणि पुरवठ्याने किती हात आखडता घेतला, हे वेगळे केल्याशिवाय पूर्ण दोष बँकांच्या पदरात टाकता येणार नाही.

मला अधिक चिंता वाटते ती ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूची, म्हणजे ठेवींची. चालू आणि बचत खात्यांतील स्वस्त ठेवींचा हिस्सा घसरला आहे आणि बँका मुदत ठेवींवर व ठेव प्रमाणपत्रांवर अधिकाधिक विसंबत आहेत. जुलै २०२३ मध्ये एचडीएफसी ही गृहवित्त कंपनी तिच्याच बँकेत विलीन झाली तेव्हा कर्ज आणि ठेवी यांचे त्या बँकेतील गुणोत्तर शंभराच्या वर गेले, आणि ते खाली आणण्यासाठी तिला कर्जवाढीचा वेग मुद्दाम कमी करावा लागला. देशातील सर्वांत मोठ्या खासगी बँकेवर ही वेळ येते तेव्हा लहान बँकांचे काय, याचा अंदाज करता येईल.

वजाबाकी

जुना कारकून यांचे स्पष्टीकरण मान्य. तोटा तरतुदीच्या वेळीच होतो, हे मी मांडताना सैल सोडले होते.

ठेवींबाबत म्हणाल तर उत्तर समोरच आहे. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली, जी अनेक दशकांतील नीचांकी पातळी होती. दुसरीकडे म्युच्युअल फंडांत हप्त्याहप्त्याने जाणारा पैसा एप्रिल २०२४ मध्ये महिन्याला २०,००० कोटींच्या वर गेला. लोकांचा पैसा बँकेतून निघून शेअर बाजारात चालला आहे. मुदत ठेवीच्या व्याजावर पूर्ण दराने कर आणि शेअरच्या नफ्यावर सवलतीचा कर असेल तर दुसरे काय होणार?

उत्तररात्र

इथे एक गोंधळ नेहमी होतो. म्युच्युअल फंडात गेलेला पैसा बँकव्यवस्थेबाहेर जात नाही. मी माझ्या खात्यातून दहा हजार रुपये फंडाला दिले, फंडाने त्यातून शेअर घेतले, शेअर विकणाऱ्याच्या खात्यात ते दहा हजार आले. एकूण ठेव तितकीच राहिली. बदलते ते तिचे स्वरूप. माझ्या बचत खात्यातील जी रक्कम वर्षानुवर्षे अडीच-तीन टक्के व्याजावर निवांत पडून होती, ती आता कोणा कंपनीच्या किंवा फंडाच्या मोठ्या ठेवीत आहे, आणि ती ठेव पाव टक्का अधिक मिळाला तरी उद्या दुसऱ्या बँकेत जाईल. बँकेला ठेव महाग पडते आणि तिचा भरवसाही उरत नाही. मूळ धाग्यात दीर्घ मुदतीच्या कर्जांचा जो प्रश्न मांडला आहे त्याच्याशी याचा थेट संबंध आहे, कारण पळत्या ठेवीवर वीस वर्षांचे कर्ज देणे आज २००५ पेक्षा अधिक धोक्याचे झाले आहे.

करांचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्यात ऑक्टोबर २०१९ पासूनच्या नियमाची भर घाला. किरकोळ आणि लघुउद्योगांची बदलत्या व्याजाची कर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते त्या) बाह्य दराला जोडली गेल्याने, २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला तेव्हा कर्जाचे व्याज लगोलग उतरले, पण आधी घेतलेल्या मुदत ठेवींचे व्याज मुदत संपेपर्यंत तेच राहिले. कर्जदाराच्या दृष्टीने ही पद्धत न्याय्य आहे, परंतु मधली झळ बँकेच्या नफ्याला बसते.

ताळेबंद

सर्वांचे आभार. मागणी आणि पुरवठा वेगळे करावेत हा उत्तररात्र यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि माझे विधान मी तेवढ्यापुरते सौम्य करतो. तरीही बँका जिकडे वळल्या तिकडे जोखीम तोलली जाते आहे का, हे पाहायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांचे जोखीमभार, म्हणजे त्या कर्जांसाठी बँकेने किती भांडवल राखायचे हे ठरवणारे माप, १०० वरून १२५ टक्क्यांवर नेले आणि बँकांच्या क्रेडिट कार्डांचे १२५ वरून १५० वर, ते उगीच नव्हे. त्यानंतर सूक्ष्मवित्त क्षेत्रात, म्हणजे गरीब कुटुंबांना दिल्या जाणाऱ्या लहान कर्जांत, थकबाकी वाढली. एकाच कुटुंबाला चार-पाच संस्थांनी कर्जे दिली होती. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात हेच घडले होते आणि तेव्हा राज्य सरकारच्या अध्यादेशाने वसुली ठप्प झाली होती. जुना कारकून म्हणतात त्याप्रमाणे प्रकल्पाच्या कर्जात सगळ्यांनी एका अग्रणी बँकेवर विसंबून डोळे मिटले. किरकोळ कर्जांत आता सगळे एका पतगुणांकावर, म्हणजे क्रेडिट स्कोअरवर, विसंबून डोळे मिटत आहेत. गुणांक मागचा इतिहास सांगतो. आज सकाळी त्याच माणसाने मोबाइलवरून आणखी कुठे कर्ज घेतले हे त्याला बऱ्याच उशिरा कळते.

दिवाळखोरी संहितेबद्दल सविस्तर कोणी लिहिले नाही. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा बड्या खात्यांची यादी काढली, त्यांपैकी एस्सार स्टीलच्या प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे ४२,००० कोटी रुपये आले, आणि कलम २९ अ मुळे बुडव्या प्रवर्तकाला मागच्या दाराने स्वस्तात कारखाना परत घेणे अवघड झाले. कारखाना हातचा जाऊ शकतो ही धास्ती भारतीय उद्योगपतीला प्रथमच वाटली, हे या संहितेचे खरे यश आहे. त्यापुढे मात्र गाडी मंदावली. ३३० दिवसांची मर्यादा बहुतेक प्रकरणांत पाळली जात नाही, आणि निकाली निघालेल्या प्रकरणांत धनकोंच्या हाती मान्य दाव्यांच्या साधारण एक तृतीयांशच पडते.

कृष्णाकाठ

बँकांच्या विलीनीकरणाने मूल्यमापन सुधारेल, असे त्या वेळी सांगितले गेले होते. स्टेट बँकेत एप्रिल २०१७ मध्ये पाच सहयोगी बँका आल्या, एप्रिल २०१९ मध्ये बडोदा बँकेत विजया आणि देना आल्या, आणि एप्रिल २०२० मध्ये दहा बँकांच्या चार झाल्या. सत्तावीस सरकारी बँकांच्या आता बारा उरल्या. आमच्या तालुक्यात याचा दिसलेला परिणाम एवढाच की, समोरासमोरच्या दोन शाखांची एक झाली आणि रांग दुप्पट झाली. मोठ्या कर्जांच्या बाबतीत काही फरक पडला का?

उत्तररात्र

दुसऱ्या एका देशाचा अनुभव इथे उपयोगी पडेल. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने २००४ मध्ये किमान भांडवल दोन अब्ज नायरावरून पंचवीस अब्जांवर नेले आणि २००५ च्या अखेरीस तेथील ८९ बँकांच्या २५ झाल्या. आकार वाढला, भांडवल आले, कौतुकही झाले. चारच वर्षांत, २००९ मध्ये, त्याच मोठ्या झालेल्या बँकांपैकी आठ बँकांच्या प्रमुखांना पदावरून काढावे लागले आणि २०१० मध्ये बुडीत कर्जे विकत घेण्यासाठी सरकारी कंपनी उभारावी लागली. हाती आलेले नवे भांडवल बँकांनी शेअर खरेदीसाठीच्या कर्जांत आणि तेल आयातदारांच्या कर्जांत ओतले होते. विलीनीकरणाने भांडवलाचा पाया रुंदावतो आणि खर्चही वाचतो, पण कर्ज मंजूर करणाऱ्या टेबलावर कोण बसले आहे हे त्याने बदलत नाही. आपल्याकडे निदान क्रम बरा होता. आधी घाण बाहेर काढली, मग विलीनीकरण केले. नायजेरियात ते उलटे झाले.

जुना कारकून

कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि त्याबरोबर ताळेबंद यांच्या मूळ प्रश्नाकडेही परत येतो, कारण कसब हा शब्द आपण सगळे वापरतो आहोत आणि ते नेमके कशाला म्हणायचे हे कोणी सांगितलेले नाही.

२००८-०९ च्या सुमाराचा एक वीजप्रकल्पाचा प्रस्ताव मला आठवतो. कोळशाच्या उपलब्धतेबद्दल टिपणात एक ओळ होती: कोळसा कंपनीचे आश्वासनपत्र सोबत जोडले आहे. आता आश्वासनपत्र म्हणजे पुरवठ्याचा करार नव्हे. प्रकल्पाने ठरावीक टप्पे पूर्ण केले तर पुढे करार केला जाईल, एवढेच ते सांगते, आणि करार झाला तरी कंपनीची खाण तेवढा कोळसा काढू शकेल की नाही हा प्रश्न उरतोच. त्या वर्षी कोळसा कंपनीने दिलेल्या सर्व आश्वासनपत्रांची बेरीज करून ती तिच्या संभाव्य उत्पादनाशी ताडून पाहणे, हे एका माणसाचे आठवड्याभराचे काम होते. विकास वित्तसंस्थेतील जुना अभियंता ते न सांगता करायचा. आमच्याकडे ते करायला कोणी सांगितले नाही आणि आम्हाला सुचलेही नाही. मी कसब म्हणतो ते या आठवड्याला. ते संगणकात नसते, परिपत्रकातही नसते. एकाच उद्योगाच्या फाइली दहा वर्षे हाताळलेल्या माणसात ते असते. सरकारी बँकेत दर तीन वर्षांनी बदली होते. पोलादाची फाइल पाहणारा उद्या सोनेतारण पाहतो आणि परवा विमा विकण्याचे उद्दिष्ट पूर्ण करतो. विलीनीकरणाने ही रीत बदललेली नाही.

तरी सगळेच निराशाजनक आहे असे नाही. २०२१ मध्ये संसदेने कायदा करून पायाभूत सुविधांसाठी नवी विकास वित्तसंस्था, नॅबफिड, स्थापली. म्हणजे २००२-०४ मध्ये मोडलेली चौकट सतरा ते एकोणीस वर्षांनी पुन्हा उभी करावी लागली. प्रकल्पकर्जांच्या नियमांवरूनही बरीच ओढाताण झाली. मे २०२४ च्या मसुद्यात रिझर्व्ह बँकेने बांधकामाधीन प्रकल्पांसाठी ५ टक्के तरतूद सुचवली होती. बँका आणि सरकार यांच्या आक्षेपांनंतर जून २०२५ च्या अंतिम नियमांत ती बहुतेक प्रकल्पांसाठी १ टक्का ठेवली गेली. पाच टक्के ठेवले असते तर बँका प्रकल्पांकडे फिरकल्याच नसत्या, हे मला पटते. पण एक टक्क्याने जोखीम झाकली जात नाही, त्यामुळे उरलेला भार मूल्यमापनावर आला आहे, आणि ते करणारी माणसे घडवायला एखादा नियम पुरत नाही. माझ्या माजी विभागात आता प्रकल्पकर्जांसाठी वेगळी तुकडी केली आहे असे ऐकतो. त्यात चार अभियंते घेतले आहेत आणि त्यांची बदली पाच वर्षे करायची नाही असे ठरले आहे. पाचव्या वर्षी काय होते ते कळले की इथे येऊन लिहीन.